स्तानिस्लावस्कीचा अरब पाहुणा

पॅरिसच्या एका उपाहारगृहात तरुण रशियन नट कॉन्स्तान्तिन स्तानिस्लावस्की याला पारंपरिक वेशातला एक अरब भेटला. त्याने लगेच ओळख काढली आणि त्याला जेवू घातले. पोशाखाचे माप घेतले, उठण्याबसण्याची लकब टिपली. मग हॉटेलात परतून, अंगाला चादरी-टॉवेल गुंडाळून, तो अर्धी रात्र आरशासमोर उभा राहिला. त्याला शेक्सपिअरचा ऑथेल्लो करायचा होता. ऑथेल्लो म्हणजे व्हेनिसच्या फौजेतला मूर सेनापती.

जानेवारी 1896 मध्ये मॉस्कोत प्रयोग झाला. वेश, चाल, हातवारे सारे जमले. पण संतापाचे प्रसंग आले तेव्हा त्याच्याजवळ ताणलेले स्नायू आणि बसलेला घसा एवढेच उरले. इटलीचा थोर नट एर्नेस्तो रोस्सी प्रयोगाला आला होता. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा की, देवाने तुम्हाला सगळे दिले आहे, आता कला हवी.

स्तानिस्लावस्कीने पूर्वी इटलीच्याच साल्विनीचा ऑथेल्लो पाहिला होता. साल्विनी प्रयोगाच्या तीन तास आधी थिएटरात येई आणि थोडाथोडा करत भूमिकेत शिरे. म्हणजे तयारी कपड्यांची नव्हे, मनाची होती.

या प्रश्नानेच पुढे अभिनय-शिक्षणाला नवे वळण दिले. 1898 मध्ये मॉस्को आर्ट थिएटर उभे राहिले, 1912 मध्ये त्याचा पहिला स्टुडिओ निघाला. नटाने स्वतःला विचारायचे: मी या माणसाच्या जागी असतो तर? मला या क्षणी काय हवे आहे? आड काय येते आहे? सुरुवातीला नटाच्या स्वतःच्या जुन्या भावनांच्या आठवणींवर भर होता. पण भावना हुकमावर येत नाही, हे कळल्यावर कृतीवर भर आला: माणूस काय करतो ते खरे करा, भावना मागून येईल. 1929-30 मध्ये आजारपणामुळे फ्रान्समधल्या नीस शहरात राहून त्याने पुन्हा ऑथेल्लोचाच आराखडा लिहिला. या वेळी त्याने पात्रांचे नाटकाआधीचे आयुष्य शोधले.

अरब पाहुण्याचा पोशाख नटाला मिळाला होता. पण तो माणूस घरी कोणाची वाट पाहत असेल, कशाला घाबरत असेल, हे त्याने विचारल्याची नोंद नाही.

आपल्याकडे अजूनही बऱ्याचदा तेच चालते. स्नेहसंमेलनात मुस्लिम पात्र असले की जाळीची टोपी, डोळ्यांत सुरमा आणि दर वाक्याला 'या अल्लाह'. टाळ्याही मिळतात. मी हल्ली मुलांना टोपी शेवटच्या तालमीला देतो. आधी विचारतो, "हे अब्बा आज कामावरून लवकर का आले?" उत्तर शोधताना मुलगा थांबतो, विचारात पडतो. तिथून पुढे तो टोपीची नाही, एका बापाची भूमिका करू लागतो.