टाकीतली हिरवी पाने

आमच्या दिवाणखान्यात काचेची एक छोटी टाकी आहे. तिच्यात गोड्या पाण्यातल्या बारा इवल्याशा कोळंब्या होत्या. वनस्पती प्राणवायू देतात, एवढे शाळेतले ज्ञान गाठीशी होते. म्हणून मी टाकी पाणवनस्पतींनी गच्च भरली आणि हवेचा पंप बंद केला. तळाशी कुजणाऱ्या पानांकडे लक्षच दिले नाही. उन्हाळ्यातल्या एका सकाळी पाहतो तो सात कोळंब्या मरून पडलेल्या! आपले चुकले कुठे, हे शोधता शोधता मी जुन्या इतिहासात शिरलो.

इंग्लंडमध्ये १७७१ साली जोसेफ प्रिस्टली यांनी, मेणबत्ती जळून विझलेल्या कोंडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ यांनी दाखवून दिले, की हे काम हिरवा भागच करतो आणि तेही उजेडात. अंधारात वनस्पतीही आपल्यासारखीच हवा दूषित करतात. माझे अर्धे उत्तर इथेच होते. दिवसा पाने पाण्यातला कर्बवायू घेतात, पाण्याचा सामू चढतो. रात्री तो उतरतो आणि प्राणवायूला सगळेच वाटेकरी होतात. त्यातून पाणी कोमट असले, की मुळात त्यात प्राणवायू कमीच मावतो.

उरलेले उत्तर लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाकडे मिळाले. १८४९ मध्ये त्यांनी बारा गॅलन पाण्यात दोन गोल्डफिश आणि फितीसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया ठेवली. थोड्याच दिवसांत जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले. वॉरिंग्टननी त्यात तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली, पाणी निवळले आणि त्यांची अंडी माशांना खाऊ झाली. १८५० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. नुसती वनस्पती पुरत नाही, साफसफाई करणाराही हवा, हा त्याचा धडा.

कुजण्यातून अमोनिया सुटतो आणि तो कोळंबीला विषारी. वाढती पाने त्यातला बराचसा खत म्हणून शोषून घेतात. उरलेल्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू विनोग्राडस्की यांनी १८९०च्या सुमारास वेगळे करून दाखवले. मरणारे पान मात्र घेतलेले सारे पाण्यालाच परत करते.

पुढे १९८०च्या दशकात जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी वनस्पतींच्या टाकीत शेवाळ खाण्यासाठी कोळंबीच आणली. वॉरिंग्टनच्या गोगलगाईची जागा तिने घेतली, असे म्हणायला हरकत नाही. ती शेवाळ आणि कुजके तुकडे वेचते. पण पानांचा ढीग तिच्या आवाक्याबाहेरचा.

आता मी रोज पिवळी पाने खुडतो आणि रात्री पंप चालू ठेवतो. उरलेल्या पाचांपैकी एकीच्या पोटाखाली परवा अंडी दिसली. त्या दिवशी नातवाला सर्वांत आधी बोलावून दाखवली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)