कौटुंबिक प्रेमकादंबरी (मराठी)

कौटुंबिक प्रेमकादंबरी हा मराठीतील सामाजिक कादंबरीचा एक लोकप्रिय उपप्रकार होय. लहान शहर, तालुक्याचे गाव किंवा खेडे ही पार्श्वभूमी, घरच्यांना अमान्य असलेले प्रेम, त्यातून रक्ताच्या नात्यांत पडलेला दुरावा आणि अखेरीस होणारी अथवा नाकारली जाणारी क्षमा हे या कादंबरीचे प्रमुख घटक आहेत. निव्वळ प्रेमकथेत नायक-नायिकेच्या मीलनाने कथानक संपते. येथे मात्र विवाहानंतरच खरा पेच सुरू होतो. तुटलेले घर पुन्हा जोडले जाईल का, आणि जोडले गेल्यास त्याची किंमत कोण मोजील, हा या प्रकारातील मध्यवर्ती प्रश्न असतो.

दुराव्याची रूपे

या कादंबऱ्यांत दुरावा प्रामुख्याने चार रूपांत आढळतो. पहिले रूप अबोल्याचे: एकाच वाड्यात राहणारी माणसे वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत आणि निरोप लहान मुलांकरवी जातात. दुसरे वाटणीचे: भावाभावांत जमीन व घर विभागले जाते, चुली वेगळ्या होतात. तिसरे माहेर तुटण्याचे: मनाविरुद्ध लग्न केलेल्या मुलीला घराचे दार बंद होते. चौथे परागंदा होण्याचे: बापाशी भांडून मुलगा मुंबई-पुण्याला निघून जातो व पत्रही पाठवत नाही.

लहान गावात हा दुरावा लपून राहत नाही. बाजारात, देवळात, लग्नाच्या मांडवात दोन्ही पक्ष समोरासमोर येतात, आणि कोण कोणाशी बोलले याची चर्चा गावभर होते. त्यामुळे कुटुंबातील कलह हा प्रतिष्ठेचा प्रश्न बनतो आणि माघार घेणे अवघड होते. लहान गावाची पार्श्वभूमी येथे केवळ देखाव्यासाठी नसते. कथानकाला गती देणारी तीच प्रमुख शक्ती असते.

क्षमेचे प्रसंग

समेट घडवून आणण्यासाठी लेखक बहुधा रूढीने मान्य केलेल्या प्रसंगांचा आधार घेतात. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा, भाऊबीजेची ओवाळणी, मुलीची ओटी भरणे, वडीलधाऱ्यांचे आजारपण किंवा मृत्यूनंतरचे दिवसकार्य हे त्यांतील नेहमीचे प्रसंग होत. अशा वेळी तोंडाने क्षमा मागावी लागत नाही. बापाने पाठवलेली साडी-चोळी किंवा भावाने ओवाळणीसाठी पुढे केलेले कपाळ हेच समेटाचे उत्तर ठरते. मानी माणसाला मान न गमावता मागे फिरण्याची वाट या रूढी देतात. म्हणूनच कथानकात त्यांना महत्त्व येते.

इतिहास

बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. हिंदू विधवांची दुःस्थिती हा तिचा विषय आहे. ह. ना. आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. यमू या स्त्रीच्या तोंडून सांगितलेल्या या कथेमुळे घराच्या आतील दुःख हा मराठी कादंबरीचा गंभीर विषय झाला.

पुढे ना. सी. फडके यांनी प्रेमकथेला रेखीव, वेधक रूप दिले. त्यांची ‘दौलत’ ही कादंबरी १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. शिरोडे येथे शिक्षक असलेल्या वि. स. खांडेकर यांनी प्रेमाला ध्येयवादाची व त्यागाची जोड दिली. विभावरी शिरूरकर (मालती बेडेकर) यांच्या ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) या कादंबरीने विवाहसंस्थेबाहेरील प्रेमाचा प्रश्न स्त्रीच्या बाजूने मांडला. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ (१९५२) मध्ये बापू व राधा यांचे गावाला अमान्य असलेले नाते आहे. तेथे कुटुंबाबरोबर सारा गावच प्रतिपक्ष बनतो.

स्वातंत्र्योत्तर काळात या प्रकाराचा मोठा वाचकवर्ग स्त्रियांचा होता. सुमती क्षेत्रमाडे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर, ज्योत्स्ना देवधर, शैलजा राजे आदी लेखिकांची पुस्तके ग्रंथालयांतून मोठ्या प्रमाणावर वाचली गेली. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेचाही या प्रकाराच्या प्रसारास हातभार लागला.

‘नीलांबरी’ आणि ‘दो रास्ते’

या प्रकाराचे परिचित उदाहरण म्हणजे चंद्रकांत काकोडकर यांची ‘नीलांबरी’ ही कादंबरी. तिच्यावर आधारित ‘दो रास्ते’ (१९६९) हा हिंदी चित्रपट राज खोसला यांनी दिग्दर्शित केला. राजेश खन्ना, मुमताज, बलराज साहनी, कामिनी कौशल, प्रेम चोप्रा व बिंदू यांनी त्यात भूमिका केल्या. सावत्र भावांचे एकत्र कुटुंब, त्यांना वाढवणारा थोरला भाऊ, शिकून आलेल्या मधल्या भावाचे वेगळे होणे, धाकट्याचे प्रेम आणि अखेरचा समेट असे चित्रपटाचे कथानक आहे.

काकोडकरांचे नाव साहित्यविषयक कायद्याच्या इतिहासातही येते. ‘रंभा’ या मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील त्यांच्या ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९६९ मध्ये ही कथा अश्लील नसल्याचा निर्णय दिला.

मराठवाडा व बीड जिल्हा

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामी राज्यात होता. शासन व उच्च शिक्षण यांची भाषा उर्दू असल्यामुळे मराठी शिक्षणास मर्यादित वाव होता. अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयासारख्या राष्ट्रीय शाळांनी तो काही अंशी मिळवून दिला. स्वामी रामानंद तीर्थ यांनी येथे कार्य केले. वस्तुतः आद्यकवी मुकुंदराज व दासोपंत यांच्यामुळे अंबाजोगाईला मराठी ग्रंथरचनेची जुनी परंपरा आहे. छापील कादंबरीचा वाचक मात्र येथे तुलनेने उशिरा घडला.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ नुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासकीय अनुदान मिळू लागले. त्यामुळे तालुक्याच्या गावांतील वाचकांना पुस्तके सुलभ झाली. १९८३ मध्ये अंबाजोगाई येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. व्यंकटेश माडगूळकर त्याचे अध्यक्ष होते.

या जिल्ह्यात कुटुंबाच्या दुराव्याला आणखी एक बाजू आहे. ऊसतोडीच्या हंगामात हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. पती-पत्नीची जोडी ‘कोयता’ म्हणून मोजली जाते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत परतता येत नाही. मुले अनेकदा आजी-आजोबांजवळ राहतात. येथे घर भांडणाने नव्हे, तर पोटासाठी दुभंगते. क्षमेने हा दुरावा मिटत नाही. मध्यमवर्गीय वाड्याभोवती घडलेल्या कौटुंबिक कादंबरीची मर्यादा या वास्तवापुढे स्पष्ट होते.

कायदा आणि कथानक

कायद्यातील बदलांनी या कथानकांची पार्श्वभूमी बदलली. विशेष विवाह अधिनियम, १९५४ मुळे भिन्न धर्मांच्या वधूवरांना धर्मांतर न करता विवाह करता येऊ लागला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मसिद्ध हिस्सा दिला. २००५ मध्ये केंद्रीय कायद्यातही तशी दुरुस्ती झाली. परिणामी ‘माहेर तुटणे’ याला नवा अर्थ आला. बहिणीने हक्कसोड पत्रावर सही केली तर भाऊबीज टिकते, हिस्सा मागितला तर संपते, असा पेच आता प्रत्यक्ष जीवनात दिसतो. सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा २०१७ मध्ये अमलात आला.

समीक्षा

समीक्षकांनी या प्रकारावर भावविवशता, योगायोगांचा अतिरेक व ठरावीक सुखान्त हे दोष ठेवले आहेत. अधिक मूलभूत आक्षेप क्षमेविषयी आहे. क्षमा करणारा बाप किंवा थोरला भाऊ आपला अधिकार सोडत नाही; उलट क्षमा केल्याने तो अधिक दृढ होतो. सून किंवा मुलगी मात्र चूक नसतानाही नमते. जातीमुळे आलेला विरोध पुष्कळदा ‘गैरसमज’ म्हणून सौम्य केला जातो.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) मध्ये पांडुरंग सांगवीकर शिक्षण अर्धवट सोडून गावी परततो. पण बापलेकांमधील अंतर कोणत्याही भावपूर्ण समेटाने मिटवलेले नाही. या पार्श्वभूमीवर लोकप्रिय कादंबरीतील क्षमा ही तडजोड वाटू शकते. तथापि, एकमेकांना टाळणे अशक्य असलेल्या लहान गावातील माणसांना पुन्हा एकत्र कसे राहता येईल, हा प्रश्न याच प्रकाराने सातत्याने हाताळला. सामान्य वाचकांत तो टिकून राहण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.