किशोरवयातील कण्याची वक्रता व शरीराचा आकार

वाढीच्या वयात पाठीचा कणा बाजूला झुकतो आणि मणके पिळले जातात, त्या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. क्ष-किरण चित्रावर बाक किती आहे हे सांगणारा कॉब कोन मोजतात आणि तो 10 अंश किंवा अधिक भरला तरच निदान पक्के होते. 10 ते 18 वर्षांच्या सुमारे 2 ते 3 टक्के मुलामुलींत हा बाक आढळतो. मोठा बाक मुलींत कितीतरी अधिक. बहुतेकांत कारण सापडत नाही. जड दप्तराने किंवा पोक काढून बसल्याने तो होतो, असे सिद्ध झालेले नाही. त्यावरून मुलांना बोल लावणे अन्यायाचे आहे.

वजन वाढले की कणा वाकतो, हा समजही टिकत नाही. इस्राएलमध्ये लष्करी भरतीपूर्वी तपासलेल्या 17 वर्षांच्या आठ लाखांहून अधिक मुलामुलींचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उंच आणि कमी वजनाच्या मुलांत कण्याच्या विकृती अधिक दिसल्या. ब्रिटनमधील एका दीर्घकालीन पाहणीतही दहाव्या वर्षी सडपातळ असलेल्यांत पंधराव्या वर्षी स्कोलिओसिस जास्त आढळला. शॉयरमान या कण्याच्या दुसऱ्या विकारात मणके पुढच्या बाजूने पाचरीसारखे होऊन पाठीला कुबड येते. ही मुले मात्र बहुधा उंच आणि वजनदारही असतात.

स्थूल मुलांत खरी अडचण निदानाची आहे. बाक ओळखण्याच्या ॲडम्स चाचणीत मूल पाय जुळवून, तळवे एकत्र धरून कमरेतून वाकते. तपासणारा मागे बसून पाठीच्या पातळीवर नजर आणतो. पीळ असेल तर एका बाजूच्या बरगड्या उचललेल्या दिसतात. चरबीखाली हा उंचवटा झाकला जातो आणि बाक लक्षात येईतो बराच वाढलेला असतो. बाक वाढू नये म्हणून धडाला बांधायच्या ब्रेसचा (आधारपट्ट्याचा) दाबही बरगड्यांपर्यंत पुरता पोचत नाही. हा उशीर महागात पडतो, कारण ब्रेस उपयोगी पडतो तो उंची वाढत असेपर्यंतच: 2013 च्या अमेरिका-कॅनडातील चाचणीत ब्रेस वापरणाऱ्या 72 टक्के मुलांचा बाक वाढ थांबेपर्यंत 50 अंशांखाली राहिला, नुसत्या देखरेखीखालील मुलांत हे प्रमाण 48 टक्के होते.

बीएमआय, म्हणजे वजन आणि उंची यांवरून ठरणारा निर्देशांक, काढतानाही जपावे लागते. कणा वाकल्याने उभी उंची कमी भरते, बीएमआय फुगतो आणि कृश मूल कागदावर ठीक दिसते. म्हणून मोठा बाक असल्यास दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मोजतात व उंचीऐवजी तेच धरतात.