लहान मुलांची थेरपी खेळण्यांतून होते, म्हणजे नेमकं काय होतं?

समजा, भंडारा जिल्ह्यातल्या बपेऱ्यात एक चार वर्षांची मुलगी आहे. घरात धाकटा भाऊ आला आणि ती रात्री किंचाळत उठायला लागली. सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय परत आली. नजर काढून झाली, रागावून झालं. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही दोष नाही. मग पुढे काय?

अशा वेळी वापरल्या जाणाऱ्या उपचारांपैकी एक म्हणजे अल्पकालीन सायकोडायनॅमिक थेरपी. मुलाला जे बोलून सांगता येत नाही ते वागण्यातून बाहेर येतं, हे तिचं मूळ गृहीतक. चार वर्षांची मुलगी 'मला भावाचा हेवा वाटतो आणि त्याची भीतीही वाटते' असं म्हणणार नाही. ती बाहुली खाटेवरून ढकलून देईल. थेरपिस्ट ते पाहतो, खेळात सामील होतो आणि त्यामागची भावना सोप्या शब्दांत मांडतो: "या बाळाचा खूप राग आलाय वाटतं." खेळण्यांचा असा वापर मेलनी क्लाईन यांनी १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये सुरू केला.

'अल्पकालीन' म्हणजे मुलाच्या सगळ्या आयुष्याचा उलगडा करायचा नाही, एकच गाठ धरायची. जर्मनीत ४ ते १० वर्षांच्या चिंताग्रस्त मुलांसाठी २० ते २५ भेटींची पद्धत तयार झाली आहे. त्यातल्या काही भेटी फक्त आईवडिलांसोबत असतात. ३० मुलांवरच्या एका अभ्यासात उपचारानंतर निम्म्याहून अधिक मुलांमध्ये चिंतेचा आजार उरला नव्हता. अभ्यास छोटा आहे, हे विसरू नका. मुलांच्या चिंतेवर जास्त पुरावा आजही सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या थेरपीच्या बाजूने आहे.

बपेऱ्याहून विचार केला तर सगळ्यात उपयोगी वाटते ती मात्र लंडनची एक जुनी केस. बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांच्याकडे १९६४ मध्ये जेमतेम अडीच वर्षांची एक मुलगी आली. धाकटी बहीण झाल्यापासून तिला रात्री 'काळी मम्मी' दिसायची. कुटुंब लंडनपासून लांब राहायचं, दर आठवड्याला येणं जमणारं नव्हतं. मग मुलगी स्वतः मागेल तेव्हा भेट, असं ठरलं. अडीचेक वर्षांत भेटी झाल्या फक्त १६. मधल्या काळात आईवडील पत्रं लिहून घरचं कळवायचे. एका भेटीत विनिकॉट स्वतःच सगळी खेळणी हवी असणारं हावरट बाळ बनले आणि मुलीला आपला राग समोर, सुरक्षितपणे खेळताना पाहता आला. 'द पिगल' हे या केसवरचं पुस्तक १९७७ मध्ये, विनिकॉट यांच्या मृत्यूनंतर आलं.

इथे आईवडील फक्त मुलीला पोहोचवून देणारे नव्हते. दोन भेटींमधलं बरंचसं काम घरीच होत होतं. आज पत्राच्या जागी फोन आहे.

अर्थात ही थेरपी सगळ्यांसाठी नाही. घरात मारहाण किंवा लैंगिक छळ चालू असेल तर आधी मुलाची सुरक्षितता. त्यासाठी चाईल्डलाईन १०९८. मूल उशिरा बोलत असेल, नजरेला नजर देत नसेल किंवा फिट येत असेल तर आधी त्याची तपासणी हवी. आणि अंथरूण ओलं करणं पाच वर्षांच्या आत बऱ्याचदा आजार नसतोच.

ही थेरपी शिकलेले लोक प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. तुमसर तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ राहणाऱ्यांनी सुरुवात टेली-मानसच्या १४४१६ या मोफत नंबरवरून करावी. तो २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याबद्दल विचारता येईल. जाताना एक कागद न्या: त्रास कधी सुरू झाला, त्याच्या आधी घरात काय बदललं, मूल हल्ली काय खेळतं.