तळटीप १२ : न्यूकॅसलला कोळसा

१२. टाइन नदीकाठच्या न्यूकॅसलहून शतकानुशतके लंडनला जहाजांनी कोळसा जाई. तिथेच कोळसा विकायला पाठवणे म्हणजे इंग्रजीत निव्वळ खुळेपणा. (अमेरिकेतील टिमथी डेक्स्टर या व्यापाऱ्याने तो खरोखरच पाठवला आणि नेमका तिथे संप असल्याने नफा कमावला, अशी आख्यायिका आहे.) इथे बेळगावचा पाहुणा धारवाडला पेढ्यांचा पुडा घेऊन येतो, त्यावर लेखकाची ही कोटी. धारवाडी पेढा हा उन्नावहून येऊन स्थायिक झालेल्या ठाकूर कुटुंबाचा. खवा तपकिरी होईस्तोवर परततात, मग पेढे वळून साखरेत घोळवतात. पाहुण्याने बेळगावची खासियत असलेला कुंदा आणला असता तर कोटीला वावच नव्हता. १९५६ पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होते. तिथे बाजारात कन्नड, घरी मराठी नि कॉलेजात इंग्रजी, त्यामुळे अशी भाषांची भेसळ लेखकाच्या बोलण्यात पदोपदी आढळते.