बोलाचे गाणे आणि नाचाचा ठेका



गेल्या लगीनसराईत लोहाऱ्यात एक वरात पाहिली. पुढे दिव्यांची नि कर्ण्यांची गाडी, तिच्यावर ‘तांबडी चामडी’ हे गाणे. पोरे बेभान नाचत होती. मागे तीन हलगीवाले हलग्या काखेत मारून नुसतेच चालत होते. माझ्या शेजारचे एक गुरुजी वैतागून म्हणाले, “ह्याला काय गाणं म्हणायचं? नुसती बडबड आन् धडधड!”

गुरुजींनी नकळत नेमकी फोड केली. त्यातली बडबड म्हणजे रॅप आणि धडधड म्हणजे हाऊस. दोघांचे नाते मात्र आपण समजतो त्याहून जुने आहे.

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात एका बहिणीने समारंभ ठेवला होता. तबकड्या लावायला होता तिचा भाऊ, जमैकाहून आलेला कूल हर्क. त्याने एक गोष्ट हेरली होती. गाणारा थांबून नुसता ताल उरतो, तेव्हाच लोक खरे नाचतात. पण तो तुकडा असायचा काही क्षणांचा. म्हणून त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन, एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच लावायची युक्ती काढली. त्या लांबवलेल्या तालावर नाचणाऱ्यांना चेव आणण्यासाठी जे बोलले जाई, त्याचेच पुढे रॅप झाले. म्हणजे रॅप जन्मले तेच नाचाच्या पोटी! १९७९ साली गाजलेल्या ‘रॅपर्स डिलाइट’खालचा ठेकासुद्धा त्याच वर्षीच्या ‘गुड टाइम्स’ या नाचगाण्याचा होता.

पुढे वाटा फुटल्या. शिकागोच्या ‘वेअरहाऊस’ या नाचघरात फ्रँकी नकल्स तबकड्या लावीत. त्या घराच्या नावावरून हाऊस हे नाव पडले. त्यात सारख्या जोराचे चार ठोके, मिनिटाला साधारण १२० ते १३०. रॅप त्या मानाने संथ झाले, कारण त्याला शब्द ऐकवायचे होते. १९८८ साली जंगल ब्रदर्सनी हाऊसच्या ठेक्यावर रॅप केले, आणि २००९ साली ब्लॅक आइड पीज् व फ्रान्सचे डेव्हिड गेटा यांच्या ‘आय गॉटा फीलिंग’ने ही जोडी जगभरच्या लग्नमांडवांत नेऊन बसवली.

मराठीत हा मेळ गाजला २०२४ साली. ठेका क्रेटेक्स यांचा, बोल श्रेयस यांचे आणि प्रकाशन हॉलंडच्या स्पिनिन कंपनीचे. उन्हात रापलेल्या कातडीचे कौतुक करणारे हे गाणे. माझ्या मते त्याचे निम्मे यश आपल्या भाषेच्या ‘ड’मध्ये आहे. तां-ब-डी, चा-म-डी असे टेबलावर वाजवून पहा. शब्दच ठोका देतो. मी वर्गात वाजवून पाहिले, तर मागच्या बाकांवरून साथ आली!

डफावर भरभर शब्द टाकणे आपल्या शाहिराला नवे नाही. अफझलखानाच्या वधावर, म्हणजे १६५९ सालच्या प्रसंगावर, अज्ञानदासाने पोवाडा रचला. तुळजाभवानीचा गोंधळी संबळावर कथा बोलत बोलतच गाऊ लागतो. म्हणून रॅप आपल्याकडूनच तिकडे गेले, असे मात्र कृपा करून कुणी म्हणू नये. तसा पुरावा नाही. फार तर इतकेच, की आपल्या कानांना ही रीत परकी नव्हती.

असो. वरात संपल्यावर त्या हलगीवाल्यांपैकी एकाला मी विचारले, “हा ठेका वाजवता येईल का?” त्याने बारीक काठीने तो लगेच काढला, वर जाड काठीचे दोन आडवे ठोके घातले आणि हसून म्हणाला, “वाजवता येतंय सर. पर सुपारी गाडीलाच जास्त मिळती.”

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावातल्या हलगीवाल्याला एक दिवस शाळेत बोलवा. त्याचे ठेके फोनवर ध्वनिमुद्रित करा. कोणता ठेका कोणत्या प्रसंगी वाजतो, ते मुलांकडून लिहवून घ्या. आणि त्याला बिदागी द्या.