मुरारला परतायचा परवाना

मुरार मुळात इंग्रजांची छावणी. 1886 साली झाशीच्या बदल्यात ती ग्वाल्हेरच्या किल्ल्यासह शिंद्यांकडे परत आली. पुढे 28 मे 1948 रोजी ग्वाल्हेर मध्यभारतात सामील झाले आणि दोन महिन्यांच्या आत भारत सरकारने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला. ऑक्टोबरात पाकिस्ताननेही तेच केले.

दंगलीच्या भीतीने सीमेपार गेलेल्याला मुरारला परतायचे, तर कराची किंवा लाहोरच्या भारतीय कचेरीत अर्ज करावा लागे. तात्पुरत्या भेटीचा परवाना वेगळा, कायमच्या परतीचा वेगळा. कायमच्या परतीसाठी मूळ गावच्या प्रशासनाची हरकत नसावी लागे, आणि घोडे तिथेच अडे. निर्वासितांना घरे हवी होती. परतणारा तर आपलेच घर परत मागणार! कागद रखडला की नवरा तिकडे, बायकामुले इकडे.

निर्वासितांचे हाल खरेच होते. पण त्यांची सोय लावण्यासाठी दुसऱ्यांचे संसार ताटकळत ठेवणे हा अन्यायच होता.

ऑक्टोबर 1952 मध्ये परवाने जाऊन पासपोर्ट आणि व्हिसा आले. राज्यघटनेच्या सातव्या कलमात मात्र त्या परवान्याचा उल्लेख आजही वाचायला मिळतो.